युरोपात निर्णय कोण घेतं आणि मतदाराने जाब कुणाला विचारायचा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: युरोपीय महासंघाची एकात्मता वाढत जाते तसतशी तिथली लोकशाही आटत जाते का? ब्रसेल्समधले निवडून न आलेले अधिकारीच सगळं ठरवतात, हे कितपत खरं? आणि पुढे हा महासंघ एक देश होणार की विस्कटणार?

युरोपीय कायदा आणि तिथल्या संस्था हाच माझ्या कामाचा विषय असल्याने हे प्रश्न मला पुष्कळदा विचारले जातात. माझं उत्तर आधीच सांगते. युरोपात सत्ता फार एकवटली आहे, ही खरी अडचण नाही. निर्णय नेमका कोणी घेतला हे मतदाराला दिसत नाही, आणि दिसलं तरी त्या माणसाला मतपेटीतून घरी पाठवता येत नाही, ही खरी अडचण आहे. एकात्मतेचं भवितव्य माझ्या मते यावरच ठरणार आहे.

आधी अधिकाऱ्यांचं बघू. युरोपीय आयोगात, म्हणजे ब्रसेल्समधल्या महासंघाच्या प्रशासनात, सुमारे ३२ हजार माणसं काम करतात. सुमारे ४५ कोटी लोकसंख्येसाठी हे मनुष्यबळ किती तुटपुंजं आहे, ते मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची संख्या ठाऊक असणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आयोग कायद्याचा मसुदा मांडतो, पण तो संमत करण्याचा अधिकार त्याला नाही. बहुतेक विषयांत मसुदा दोन ठिकाणी मंजूर व्हावा लागतो: १९७९ पासून थेट निवडून येणाऱ्या युरोपीय संसदेत आणि सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेत. मंत्रिपरिषदेत बसणारा प्रत्येक मंत्री आपापल्या देशातल्या सरकारचा असतो. तिथे विशेष बहुमत लागतं, म्हणजे २७ पैकी किमान १५ देश आणि एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के. म्हणजे कागदावर पाहिलं तर निर्णय घेणारा प्रत्येक जण कुठे ना कुठे, कुणाच्या तरी मतांनी आलेला असतो.

तरीही लोकांना आपलं मत वाया जातं असं वाटतं, आणि त्यांचं वाटणं खोटं नाही. का, ते ग्लायफोसेट या तणनाशकाच्या उदाहरणावरून चांगलं कळतं.

या रसायनाची युरोपातली परवानगी संपत आली की तिचं नूतनीकरण करायचं की नाही, हे ठरवण्यासाठी प्रकरण देशांच्या प्रतिनिधींच्या समितीपुढे जातं. २०१७ साली दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या करून बंदीची मागणी केली होती. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी तीन वर्षांत आपल्या देशातून ग्लायफोसेट हद्दपार करू, असं जाहीर आश्वासन दिलं होतं. जर्मनीत कृषिमंत्री आणि पर्यावरणमंत्री दोन वेगवेगळ्या पक्षांचे होते आणि त्यांचं पटत नव्हतं. अशा वेळी प्रथेनुसार जर्मनीने तटस्थ राहायला हवं होतं, पण कृषिमंत्र्यांनी परस्पर बाजूने मत दिलं. चॅन्सेलर मर्केल यांनी त्यांची जाहीर कानउघाडणी केली, मात्र तोवर पाच वर्षांची परवानगी मिळून गेली होती. २०२३ साली पुन्हा मतदान झालं. जर्मनी, फ्रान्स, इटली तटस्थ राहिले. बाजूने विशेष बहुमत झालं नाही, विरोधातही झालं नाही. नियम असा की कोंडी झाली की निर्णय आयोगाने घ्यायचा, आणि आयोगाने आणखी दहा वर्षांची परवानगी दिली.

आता फ्रान्समधल्या एखाद्या मतदाराला याचा जाब विचारायचा असेल तर त्याने कुणाकडे जायचं? पॅरिस म्हणणार, आम्ही बाजूने मत दिलेलंच नाही. आयोग म्हणणार, देशांनी निर्णय घेतला नाही म्हणून आम्हाला घ्यावा लागला. संसदेकडे गेलात तर असले अंमलबजावणीचे निर्णय तिच्या हातातच नाहीत. तिघांचंही म्हणणं खरं आहे, आणि नेमकं हेच बोचणारं आहे. मोठ्या देशांची सरकारं तटस्थतेच्या आडोशाला उभी राहतात आणि घरी परतल्यावर ‘ब्रसेल्सने लादलं’ म्हणतात. हा खेळ गेली कित्येक वर्षं चालला आहे. युरोपविरोधी पक्ष ज्या रागावर वाढले, त्यातला बराचसा राग मुख्य प्रवाहातल्या नेत्यांनी असाच स्वतःच्या हातांनी पेरलेला आहे.

(हे आपल्यापासून फार दूरचं आहे असं समजू नका. फळांवर कोणत्या रसायनाचा किती अंश चालेल, याच्या मर्यादाही अशाच समिती-पद्धतीने ठरतात. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा नाशिकच्या बागायतदारांना या मर्यादांची धग चांगलीच लागली होती.)

सत्तेच्या शिखरावरही हेच चित्र आहे. २०१४ साली संसदेतल्या पक्षांनी ठरवलं की निवडणुकीआधीच आयोगाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार जाहीर करायचा, म्हणजे मतदाराला आपण कुणाला निवडतोय हे कळेल. त्या वेळी असे आधी जाहीर झालेले उमेदवार युंकर अध्यक्ष झाले. २०१९ मध्ये सर्वांत मोठ्या पक्षाचे उमेदवार मानफ्रेड वेबर होते. मतदान वाढलं, १९९४ नंतर प्रथमच निम्म्याहून अधिक मतदार बाहेर पडले. मग देशांच्या नेत्यांनी बंद दाराआड बसून वेबर यांना बाजूला केलं आणि त्या निवडणुकीत उमेदवारच नसलेल्या उर्झुला फॉन डेअर लायन यांचं नाव पुढे केलं. संसदेने ते स्वीकारलं, ३८३ मतांनी. गरज ३७४ ची होती. त्या पुढे कशा अध्यक्ष ठरल्या हा मुद्दा वेगळा. पण उत्साहाने मतदानाला गेलेल्या तरुणांना त्यातून जो धडा मिळाला, तो मला आजही वाईट वाटायला लावतो. २०२४ मध्ये त्या उमेदवार म्हणून समोर आल्या आणि ४०१ मतांनी पुन्हा निवडून आल्या, हे बरं झालं. तरी ही पद्धत महासंघ ज्यावर उभा आहे त्या करारात अजून लिहिलेली नाही. नेत्यांच्या मर्जीवरच ती टिकून आहे.

भारतातून पाहणाऱ्याला इथे एक प्रश्न हमखास पडतो: एवढ्या भाषा, एवढे प्रांत असूनही आपण एक संघराज्य चालवतो, मग युरोपला काय अडचण आहे? तुलना रास्त आहे, पण मुळात बांधणीच उलटी आहे. भारतात संविधान सभेने आधी संघ उभा केला आणि राज्यांच्या सीमा आखायचा अधिकार संसदेला दिला. महाराष्ट्र आणि गुजरात १९६० साली संसदेच्या कायद्यानेच अस्तित्वात आले. युरोपात देश आधी आहेत आणि महासंघ त्यांच्या करारांतून उभा राहिला आहे. करार बदलायचा तर प्रत्येक देशाची मान्यता लागते, आणि कुठलाही देश ५० व्या कलमाखाली बाहेर पडू शकतो, जसं ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी पडलं. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९९३ मध्ये महासंघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराच्या निकालात आणि २००९ मध्ये त्याची आजची रचना ठरवणाऱ्या लिस्बन कराराच्या निकालात हेच अधोरेखित केलं: सार्वभौम जनता देशांतच आहे, एकच एक ‘युरोपीय जनता’ अजून नाही, आणि युरोपीय संसदेत एका नागरिकाचं मत दुसऱ्याच्या मताइतकं वजनदारही नाही. जर्मनीला ९६ जागा आणि माल्टाला ६. लोकसंख्येच्या हिशेबाने माल्टातल्या मतदाराचं मत जर्मन मतदाराच्या मतापेक्षा कितीतरी पटींनी भारी पडतं.

हा न्यायालयीन युक्तिवाद मला अर्धाच पटतो. लोक आधी तयार होतात आणि मग लोकशाही येते, असं इतिहासात क्वचितच घडलं आहे. भारताची मतदार म्हणून ओळख १९५१-५२ च्या निवडणुकीनेच घडवली. पण युरोपने तशी संधी स्वतःला फारशी दिली नाही. २००५ साली फ्रान्सने आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सने सार्वमतात युरोपीय राज्यघटनेचा करार फेटाळला. त्यातला बराच मजकूर मग लिस्बन करारातून आला, आणि या दोन देशांत पुन्हा सार्वमत घेतलंच गेलं नाही. आयर्लंडने २००८ मध्ये तो नाकारला, तर काही हमी देऊन २००९ मध्ये पुन्हा मतदान घेतलं गेलं. कायद्याच्या दृष्टीने यात काहीही चुकीचं नाही. पण ‘हो’ म्हणेपर्यंत विचारत राहतात, ही भावना तिथपासून जी रुजली ती गेलेली नाही.

ग्रीसचं २०१५ चं प्रकरण याहून अवघड आहे. ५ जुलैच्या सार्वमतात ग्रीक जनतेने ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी नव्या मदतीसाठी कर्ज देणाऱ्यांनी घातलेल्या अटी नाकारल्या, आणि आठवडाभरात त्यांच्याच सरकारला तितक्याच कडक अटी मान्य कराव्या लागल्या. लोकशाहीचा गळा घोटला, असं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं. मी तसं म्हणणार नाही. त्या टेबलाभोवती युरो वापरणारे १९ देश होते आणि १९ मतदारसमूह होते. ग्रीसपेक्षा कमी वेतन असलेल्या स्लोव्हाकियाच्या करदात्याला ग्रीसच्या कर्जाची हमी का द्यायची, हा प्रश्न विचारायचा हक्क होता. अशाच मदतनिधीच्या मुद्द्यावर ऑक्टोबर २०११ मध्ये तिथलं राडिचोव्हा सरकार पडलं होतं. एका देशातला कौल दुसऱ्या देशातल्या कौलावर आदळला, आणि दोघांवर तोडगा काढणारी, दोघांनाही उत्तरदायी असलेली व्यवस्थाच नव्हती. जिथे खरा सौदा ठरला त्या युरोगटाचं, म्हणजे युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या बैठकीचं, स्वरूप करारातल्या तरतुदीनुसारच ‘अनौपचारिक’ आहे. चलन एक आणि त्याची जबाबदारी घेणारं सरकार नाही, ही ती जुनी चूक. ती अजून पुरती दुरुस्त झालेली नाही.

आता नकाराधिकाराकडे येते, कारण पुढच्या काही वर्षांचं राजकारण याच्याभोवती फिरणार आहे. परराष्ट्र धोरण, करआकारणी, दीर्घकालीन अंदाजपत्रक, नव्या देशांचा प्रवेश या सगळ्याला एकमत लागतं. छोट्या देशांना हे आपलं कवच वाटतं आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण हंगेरीच्या अनुभवानंतर या कवचाचा कसा वापर होतो हे सगळ्यांनी पाहिलं. २०१० साली सत्तेवर आल्यापासून ओर्बान सरकारने न्यायालयं, माध्यमं आणि निवडणुकीचे नियम आपल्या बाजूला वळवून घेतले. २०१८ मध्ये युरोपीय संसदेने सातव्या कलमाची कारवाई सुरू केली. या कलमाखाली एखाद्या देशाचा मताधिकार स्थगित करता येतो, पण त्याआधी गंभीर उल्लंघन झालं आहे हे बाकी सगळ्या देशांनी एकमताने ठरवावं लागतं. त्या काळात पोलंडमध्येही न्यायालयांवरून संघर्ष चालू होता. दोघांनी एकमेकांना वाचवायचं म्हटलं की कारवाई तिथेच थांबते.

मग पैशाचा मार्ग शोधला गेला. २०२० च्या अखेरीस एक नियम झाला: कायद्याचं राज्य धोक्यात असेल आणि त्यामुळे युरोपीय निधीला बाधा पोहोचत असेल तर निधी रोखता येईल. हंगेरी आणि पोलंडने आव्हान दिलं, युरोपीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम उचलून धरला, आणि डिसेंबरमध्ये हंगेरीचे सुमारे ६.३ अब्ज युरो गोठवले गेले. मला हा गेल्या पंचवीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा घटनात्मक बदल वाटतो. पण वर्षभरात काय झालं? १३ डिसेंबर २०२३ रोजी आयोगाने हंगेरीचा रोखलेला दुसरा सुमारे १०.२ अब्ज युरोंचा निधी मोकळा केला. दुसऱ्याच दिवशी नेत्यांच्या बैठकीत युक्रेनच्या प्रवेश-वाटाघाटींचा निर्णय होता. ओर्बान दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी एकमताने होकार दिला. न्यायालयीन सुधारणा झाल्या म्हणून पैसे दिले, असं आयोगाचं म्हणणं. संसदेला ते पटलं नाही आणि तिने आयोगावरच खटला भरला. संसदेने केलं ते योग्यच केलं. न्यायाधीशांचं स्वातंत्र्य सौद्याच्या तराजूत घालायची वस्तू झाली, तर नियम असून नसल्यासारखा होतो.

पोलंडमध्ये सरकार बदललं ते १५ ऑक्टोबर २०२३ च्या मतदानाने. ७४ टक्के लोक मतदानाला आले, काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरही रांगा होत्या. युरोपीय न्यायालयाचे निकाल, दिवसाला दहा लाख युरोंचा दंड, रोखलेला निधी या सगळ्यांनी पोलिश न्यायाधीशांना तग धरायला वेळ मिळवून दिला. बदल घडवला तो पोलिश मतदारांनीच. बाहेरून लोकशाही वाचवता येते का, या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे: ती वाचवणाऱ्यांना उभं राहायला जागा देता येते, एवढंच.

नकाराधिकाराला कंटाळून आता एक आडवाट रुळते आहे आणि तिची मला अधिक काळजी वाटते. करारातलं १२२ वं कलम आर्थिक आणीबाणीसाठी आहे. त्याखाली मंत्रिपरिषद विशेष बहुमताने निर्णय घेऊ शकते, पण संसदेला मत नसतं. २०२२ च्या ऊर्जा संकटात ते वापरलं गेलं, तेव्हा घाई खरोखरच होती. मे २०२५ मध्ये संरक्षण खरेदीसाठी १५० अब्ज युरोंच्या कर्जाची योजनाही याच कलमाखाली मंजूर झाली, आणि संसदेने मंत्रिपरिषदेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. रशियाचा धोका खरा आहे, शस्त्रांची गरजही खरी आहे. पण युरोपने संरक्षणासारख्या विषयात इतकी मोठी झेप घ्यावी आणि थेट निवडून आलेल्या एकमेव सभागृहाने ती प्रेक्षकांत बसून पाहावी, हे मला मान्य नाही. एकात्मता अशी वाढत गेली तर लोकशाही आटते, या मूळ प्रश्नातल्या शंकेला आपण स्वतःच पुरावा पुरवू.

यावर करता काय येईल? करार बदलण्याची वाट पाहत बसू नये, असं मी म्हणेन. नोव्हेंबर २०२३ मध्ये संसदेने करारबदलाचा प्रस्ताव २९१ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर केला, पण नेत्यांनी त्याला हात लावलेला नाही. काही गोष्टी आजच्या करारात राहूनही करता येतात. डेन्मार्कने १९७३ मध्ये प्रवेश केल्यापासून एक शिस्त पाळली आहे. ब्रसेल्सला महत्त्वाच्या बैठकीला जाण्याआधी मंत्र्याला संसदेच्या युरोपविषयक समितीपुढे येऊन आपण काय भूमिका घेणार हे सांगावं लागतं, आणि तिथे त्या भूमिकेविरुद्ध बहुमत असेल तर ती बदलावी लागते. डॅनिश मंत्र्याला घरी येऊन ‘ब्रसेल्सने लादलं’ म्हणणं त्यामुळे अवघड जातं. जर्मनी, फ्रान्स, इटली यांनी ही शिस्त मनापासून स्वीकारली तर कुठल्याही नव्या करारापेक्षा जास्त फरक पडेल, असं माझं ठाम मत आहे. दुसरी गोष्ट गुप्ततेची. मंत्रिपरिषदेचं अंतिम मतदान जाहीर असतं, पण तडजोडी त्याआधीच राजदूतांच्या आणि अधिकाऱ्यांच्या कार्यगटांत ठरून गेलेल्या असतात. संसद, परिषद आणि आयोग यांच्या त्रिपक्षीय वाटाघाटींची कागदपत्रं नाकारण्यावर २०१८ मध्ये युरोपीय न्यायसंस्थेने दे कापितानी प्रकरणात ताशेरे ओढले. तरी आजही पत्रकारांना ती बहुधा फुटलेल्या कागदांतूनच मिळतात.

नागरिकांच्या सह्यांचा मार्गही आहे: सात देशांतून दहा लाख सह्या. मात्र पिंजऱ्यातल्या पशुपालनावर बंदी मागणाऱ्या मोहिमेने सुमारे १४ लाख सह्या जमवल्या, आयोगाने २०२३ अखेरपर्यंत कायद्याचा प्रस्ताव आणू असं कबूल केलं, आणि ती मुदत टळली. लोकांना बोलवायचं आणि मग ऐकायचं नाही, त्यापेक्षा न बोलवलेलं बरं.

एक देश होणार की विस्कटणार, या प्रश्नाला ‘दोन्ही नाही’ हे उत्तर नीरस वाटेल, पण मला तेच दिसतं. ब्रिटनचे हाल पाहिल्यावर फ्रान्स-इटलीतल्या अतिउजव्या पक्षांनीही बाहेर पडण्याची भाषा सोडली; ते आता आतून महासंघ पोकळ करायचं बोलतात. दुसरीकडे चलन, सीमा, संरक्षण यांची वर्तुळं वेगवेगळ्या देशांची असणं वाढत जाईल. बाहेर पडण्याची किंमत कुणी मोजली, हे गोव्यातल्या पुष्कळ घरांना ठाऊक आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर कित्येक गोंयकार स्विंडनसारख्या इंग्लिश शहरांत स्थायिक झाले. हा हक्क त्यांना पोर्तुगालमुळे मिळाला असला तरी मुक्त वावराचा अधिकार महासंघाच्या नागरिकत्वाचा होता. २०२० च्या अखेरीस तो ब्रिटनमध्ये संपला. ज्या सार्वमताने तो संपला त्यात या पासपोर्टवर राहणाऱ्यांना मत नव्हतं.

पुढच्या काळात एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं असेल तर अंदाजपत्रकावर ठेवा. २०२० च्या जुलैमध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेनंतर, २७ देशांनी मिळून ७५० अब्ज युरोंचं पुनरुत्थान पॅकेज ठरवलं आणि त्यासाठी एकत्र कर्ज काढलं. त्यातले ३९० अब्ज अनुदान होते. त्याची मुद्दल २०२८ ते २०५८ या काळात फेडायची आहे. आयोगाने जुलै २०२५ मध्ये २०२८ ते २०३४ साठी सुमारे दोन लाख कोटी युरोंचा आराखडा मांडला, त्यात ही परतफेडही धरली आणि महासंघाच्या स्वतःच्या उत्पन्नाचे नवे मार्ग सुचवले. उत्पन्नाच्या या मार्गांना सगळ्या देशांचं एकमत लागतं आणि प्रत्येक देशात घटनेनुसार मंजुरीही लागते. ते जमलं नाही तर हप्ते शेतकऱ्यांच्या अनुदानातून आणि मागास भागांच्या निधीतून कापावे लागतील, किंवा देशांची वर्गणी वाढवावी लागेल. कर्ज काढताना नेते रात्री-रात्री जागून एकत्र आले होते. ते फेडण्यासाठी कर कुणावर बसवायचा, हे सांगायला त्यांना या खेपेला आपापल्या संसदेत, आपापल्या मतदारांसमोर उभं राहावं लागेल.